सफेता : तैलचित्रांतील शिशाचा पांढरा रंग व पोथ्यांतील काळे मोती

सचित्र पोथ्या व जुनीं चित्रें यांचा संग्रह करणाऱ्या बहुतेकांच्या नजरेस एक गोष्ट केव्हां ना केव्हां आली असेल. पानावर देवीचें किंवा राजाचें चित्र असतें. वस्त्रें, दागिने, महिरप, सर्व कांहीं यथास्थित. परंतु गळ्यांतील मोत्यांचा सर मात्र काळा, डोळ्यांतील पांढरा भाग काळसर, आणि हातांतील जाईच्या कळ्या कोळशासारख्या. असें एक पान पाहून आम्हीं कांहीं वर्षांपूर्वीं एक अनुमान केलें, तें पोथीच्या मालकांस सांगितलें, आणि त्या अनुमानावर विसंबून त्यांनीं जें केलें तें आतां भरून येण्यासारखें नाहीं. ती चूक कशी झाली हें सांगण्यापूर्वीं ज्या द्रव्यामुळें ती झाली त्याचा विचार करणें अवश्य आहे. तें द्रव्य म्हणजे सफेता, अर्थात् शिशापासून केलेला पांढरा रंग. याचा खरा स्वभाव युरोपीय तैलचित्रांत जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र दिसत नाहीं. म्हणून आधीं तैलरंगांतील सफेत्याची हकीकत देऊन मग पोथीकडे वळूं.

प्रथम नांवाविषयीं. ‘सफेता’ अथवा ‘सफेदा’ हा शब्द फारसीवरून आला आहे. ग्रीक लोक या द्रव्यास ‘प्सिमिथिऑन’ व रोमन लोक ‘सेरुसा’ म्हणत. आपल्याकडे शिशास ‘नाग’ ही संज्ञा असून अमरकोशांत सिंदुरास ‘नागसंभव’ असें नांव दिलें आहे, हें संस्कृतज्ञ वाचकांस ठाऊकच आहे. मारुतीस तेलांत कालवून जो शेंदूर चढवितात तो शिशाचाच. मुरदाडशिंग हेंही शिशाचेंच. सफेता तापविल्यास त्यापासून मुरदाडशिंगाच्या जातीचें पिवळें द्रव्य होतें, व तेंच बेताच्या आंचेवर हवेंत दीर्घकाळ ठेविल्यास त्याचा शेंदूर बनतो. हीं तिन्ही एका घराण्यांतील भावंडें होत.

परंतु जुन्या ग्रंथांतील प्रत्येक पांढरा रंग शिशाचा असतो असें मात्र नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत चित्रकर्मासाठीं पांढरा रंग शंखापासून घ्यावा असें सांगितलें आहे. हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील आहे. शंख, शिंपला, खडू यांचा पांढरा हा चुन्याच्या जातीचा. त्याचा शिशाशीं कांहींएक संबंध नाहीं. आणि हल्लीं बाजारांत सफेदा म्हणून जी पूड मिळते ती पुष्कळदां जस्ताची असते. म्हणजे एका ‘पांढरा’ या शब्दाखालीं निदान तीन भिन्न द्रव्यें आहेत, आणि ‘सफेदा’ या एका नांवाखालीं दोन. हा भेद पुढें उपयोगी पडणार असल्यामुळें वाचकांनीं तो लक्षांत ठेवावा.

सफेता करण्याची रीत फार प्राचीन आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस ग्रीक पंडित थिओफ्रास्टस यानें आपल्या पाषाणविषयक ग्रंथांत तिचें वर्णन केलें आहे : मातीच्या भांड्यांत शिरका घालून त्यावर शिसें ठेवावें, त्यावर जाड थर चढला म्हणजे तो खरवडून घ्यावा, पुनः शिसें ठेवावें, आणि असें करतां करतां जमलेली पूड वाटून धुवावी. रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस यानें ऱ्होड्स बेटांतील रीत दिली आहे. तींत रांजणांत द्राक्षवेलीच्या काटक्या पसरून, शिरका ओतून, वर शिशाचे गोळे ठेवीत व तोंड बंद करीत.

पुढें सतराव्या शतकांत हॉलंड देशांत हा धंदा फार भरभराटीस आला. तेथील रीत अशी. मातीच्या लहान कुंड्यांच्या तळाशीं शिरका घालावयाचा, व आंतील कंगोऱ्यावर शिशाच्या पत्र्याची गुंडाळी अशी ठेवावयाची कीं ती शिरक्यास टेकूं नये. अशा शेंकडों कुंड्या घोड्याच्या लिदींत पुरून वर फळ्या टाकावयाच्या. फळ्यांवर पुनः लीद, पुनः कुंड्या, असे थरावर थर रचून कोठार बंद करावयाचें. कांहीं ठिकाणीं लिदीऐवजीं कातडें कमावण्याची साल वापरीत. कोठार सुमारें तीन महिन्यांनीं उघडलें म्हणजे करड्या शिशाच्या जागीं पांढरे पापुद्रे आढळत.

लीद येथें दोन कामें करिते. ती आंबली म्हणजे ऊब उत्पन्न होते, त्या उबेनें शिरक्याची वाफ होऊन ती शिशास लागते व त्याचा क्षार बनतो. आणि लिदींतून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायु त्या क्षाराचें सफेत्यांत रूपांतर करितो. या रूपांतरांत शिरक्याचें अम्ल मोकळें होतें व पुनः नव्या शिशावर चालून जातें. त्यामुळें थोडक्या शिरक्यानें पुष्कळ शिसें पालटतें. जगांतील अत्यंत शुभ्र रंगांपैकीं एक रंग लिदीच्या ढिगांत जन्मास येतो, याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. आपल्याकडेही पंकांतूनच पंकज येतें.

हे पापुद्रे कुटून, धुऊन, पाण्यांत घोटून, वाळवून मग तेलांत घोटीत. डच व्यापारांत दोन प्रती होत्या. ‘लोटविट’ म्हणजे शिशाचा पांढरा. यांत खडूची भेसळ असे. ‘स्खुल्पविट’ ही शुद्ध पापुद्र्यांची प्रत. या दुसऱ्या नांवाचा अर्थ ‘शिंपपांढरा’ असा होतो, कारण ते पापुद्रे शिंपल्यासारखे दिसत. शिंपल्याचा मात्र त्यांत लेशही नसे. ज्याचें नांव शिंपल्याचें तो शुद्ध शिशाचा, आणि ज्याचें नांव शिशाचें त्यांतच खडू! नांवावरून द्रव्य ठरविणाऱ्यांनीं हें उदाहरण अवश्य ध्यानांत ठेवावें.

आतां तेलाचा प्रश्न. युरोपांतील चित्रकार जवसाचें किंवा अक्रोडाचें तेल वापरीत. हीं तेलें पाण्याप्रमाणें उडून जाऊन वाळत नाहींत. हवेंतील प्राणवायु शोषून घेऊन तीं घट्ट होतात. शिसें या क्रियेस मदत करितें, म्हणून सफेता घातलेला रंग लवकर वाळतो. शिवाय सफेता व तेल यांचा केवळ मिलाफ होत नाहीं, तर संयोग होतो : तेलांतील अम्लें शिशाशीं मिळून एक प्रकारचा साबण बनतो, आणि त्यामुळें रंगाचा थर चिवट व लवचीक होतो. सफेत्यास तेलही थोडें लागतें. शंभर तोळे सफेता दहा ते पंधरा तोळे तेलांत घोटला जातो. जस्ताच्या पांढऱ्यास याहून पुष्कळ अधिक तेल लागतें व त्याचा थर पुढें ठिसूळ होऊन तडकतो. कापड हवामानाप्रमाणें ताणतें व सैल पडतें. त्याबरोबर हलूं शकणारा पांढरा थर चित्रकारास पाहिजे असतो, आणि तो गुण शिशांत आहे. म्हणून सफेता हा केवळ पांढरे भाग रंगविण्याचा रंग नव्हता. पुष्कळ चित्रांत तो अस्तरांत असे, आणि मुखावरील कांति, आकाश, वस्त्राची चुणी या सर्वांतून मिसळलेला असे.

रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या चित्रांत प्रकाशाच्या जागीं सफेत्याचे थर उंच उठावाचे आहेत. ते इतके जाड असून ओघळले कसे नाहींत, हें कोडें होतें. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत त्या थरांत शिशाचें एक विरळ संयुग आढळलें, व त्यावरून त्यानें तेलांत मुरदाडशिंगासारखें द्रव्य घालून तें सिद्ध केलें असावें असें अनुमान निघालें. म्हणजे त्या प्रसिद्ध उठावामागें शिशाचीं दोन भावंडें एकत्र होतीं.

या विषयाचा आपल्या इतिहासाशीं प्रत्यक्ष संबंध येतो तो पुणें दरबारांत. स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स हा सवाई माधवराव पेशव्यांच्या काळीं रेसिडेंट मॅलेट याच्या आश्रयानें पुण्यास राहिला होता. त्यानें पेशवे व नाना फडणीस यांचें १७९२ मध्यें काढलेलें तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहे. युरोपीय चित्रकारास त्या काळीं तेलांत उपयोगी पडेल असा दुसरा भरदार पांढरा उपलब्ध नव्हता. खडू तेलांत कालविला कीं तो मळकट व पारदर्शक होतो. जस्ताचा पांढरा फ्रान्सांत नुकताच सुचविला गेला होता, परंतु चित्रकारांच्या तैलरंगांत तो रुळण्यास एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडला. यास्तव त्या तैलचित्रांतील शुभ्र वस्त्रें सफेत्याचींच असलीं पाहिजेत. याच वेल्सबरोबर पुण्याचे गंगाराम तांबट हे कागदावर पाण्याच्या रंगांत चित्रें काढीत. एकच शहर, एकच दशक; परंतु एका हातांत तेल व दुसऱ्यांत पाणी. हा भेद किती महत्त्वाचा आहे तें पुढें दिसेल.

तैलचित्रांतील सफेता हा इतिहाससंशोधकाचा साक्षीदारही आहे. शिसें क्ष-किरणांस अडवितें. म्हणून चित्रावर हे किरण सोडून छाया घेतल्यास जेथें सफेता तेथें तीं उजळ दिसते, आणि चित्रकारानें आधीं काढून मग झांकलेला हात किंवा चेहरा प्रकट होतो. दुसरी साक्ष याहून सूक्ष्म आहे. शिशाच्या धातुकांत रेडियम व त्यापासून उत्पन्न होणारें किरणोत्सारी शिसें हीं समतोल असतात. धातुक आटविल्यावर रेडियम बहुतांशीं मळींत जातें, आणि किरणोत्सारी शिसें धातूंत राहून सुमारें बावीस वर्षांत निम्में होत होत झिजतें. कित्येक शतकांनंतर तें उरलेल्या अल्प रेडियमाशीं पुनः समतोल होतें. यावरून सफेता जुना कीं नवा हें सांगतां येतें. हान व्हान मेखेरेन यानें सतराव्या शतकांतील चित्रकार व्हर्मीर याच्या नांवावर खोटीं चित्रें खपविलीं व १९४५ मध्यें पकडला गेल्यावर तसें कबूलही केलें. तरी कांहीं जाणत्यांचा त्यावर विश्वास बसेना. त्यानें जस्ताचा पांढरा टाळून मुद्दाम सफेता वापरला होता. परंतु १९६८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या बर्नार्ड कीश यांच्या परीक्षेंत तें शिसें अर्वाचीन ठरलें. जिनसांची निवड बरोबर होती. वयाची नक्कल करतां आली नाहीं.

इतका गुणी रंग हल्लीं दुर्मिळ कां झाला, याचें कारण त्याचें विष. शिशाची पूड पोटांत व श्वासांत गेल्यास पोटशूळ, हातांचा लुळेपणा, बुद्धिमांद्य व अखेर मृत्यु हीं ओढवतात. रामाझिनी या इटालियन वैद्यानें १७०० मध्यें कारागिरांच्या रोगांवर लिहिलेल्या ग्रंथांत चित्रकारांच्या व्याधींचा निर्देश केला आहे. इंग्लंडांतील कारखान्यांत सफेत्याचीं जोखमीचीं कामें पुष्कळशा गरीब स्त्रिया करीत. १८९८ मध्यें त्यांस त्या कामांतून कायद्यानें दूर करण्यांत आलें. १९२१ मध्यें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें इमारतींच्या आंतील रंगकामांत सफेत्यास बंदी करणारा ठराव केला. त्यांतून कलाचित्रण मात्र वगळलें. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्यें झाले. टायटॅनियमचा पांढरा १९२० नंतर चित्रकारांच्या पेटींत आला व त्यानें सफेत्याची जागा बहुतेक घेतली. तथापि जुन्या तैलचित्रांच्या दुरुस्तीसाठीं जाणते लोक आजही मोठ्या सावधगिरीनें सफेता वापरितात. कारण जुन्या थराशीं जुळणारा दुसरा पांढरा नाहीं.

आतां पोथीकडे. सफेत्याचा शत्रु गंधक होय. सडलेल्या अंड्यासारखी घाण येणारा हायड्रोजन सल्फाइड वायु सफेत्यास लागला कीं त्याचें शिसें व गंधक यांच्या काळ्या संयुगांत रूपांतर होतें. हें तेंच द्रव्य, जें खनिजरूपानें पुष्कळदां सुरमा म्हणून विकलें जातें. तैलचित्रांत सफेत्याचा प्रत्येक कण तेलाच्या कवचांत बसलेला असतो व बहुधा वर रोगणही असतें. म्हणून तेथें वायूचा शिरकाव होत नाहीं. पोथींतील चित्रकार तोच सफेता डिंकाच्या पाण्यांत कालवितो. डिंक कणांस कागदाशीं चिकटवितो, पण त्यांस झांकीत नाहीं. कण उघडे राहतात आणि धूर, मोरी, दगडी कोळसा यांच्या वायूंनीं शंभर-दोनशें वर्षांत काळे होतात. भिंतीवरही सफेत्याची अशीच दशा होते, जरी तेथील विकार सदैव गंधकाचाच असतो असें नाहीं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेला इटालियन चित्रकार चेनिनी यानें भिंतीवर सफेता वापरूं नये, तो काळा पडतो, असा इशारा दिला आहे. आणि असिसी येथील मंदिरांत चिमाबुए याचीं भित्तिचित्रें आज छायाचित्राच्या उलट्या प्रतीसारखीं दिसतात, कारण त्यांतील उजळ भागच काळे झाले आहेत.

आमच्यापुढें आलेलें पान देवीमाहात्म्याच्या एका पोथीचें होतें. मोत्यांचे सर काळे पाहून आम्हीं असें म्हटलें कीं, मूळच्या रिकाम्या वर्तुळांत कोणा उत्तरकालीन अडाणी माणसानें शाई भरली आहे. आमच्या बोलण्यावर भरंवसा ठेवून मालकांनीं ती ‘शाई’ चाकूच्या टोंकानें अलगद खरवडून काढली. खालीं निघाला नुसता कागद. चित्रकारानें स्वहस्तें ठेविलेले मोतीच गेले होते.

पुढें आमचे एक जुने विद्यार्थी, जे रसायनशास्त्राचे अभ्यासक आहेत, त्यांनीं पानास स्पर्श न करितां क्ष-किरणांच्या साह्यानें परीक्षा करविली. बचावलेल्या चार-दोन काळ्या मोत्यांत शिसें विपुल निघालें. परंतु आमची खरी लाज वेगळीच आहे. पानाच्या शिवणीकडील कडेस पूर्वीं कोणीं दुरुस्तीसाठीं कागदाची पट्टी चिकटविली होती. ती एका बाजूनें सुटली होती, आणि तिच्या खालीं त्याच सरांतील तीन मोती आजही शुभ्र होते. पट्टीनें वायूस अडविल्यामुळें ते वांचले. हा पुरावा आमच्या डोळ्यांसमोर पहिल्या दिवसापासून होता. आम्हीं शब्दांचे पाठभेद जन्मभर तपासले; रंगांतही पाठभेद असतो, आणि तो काळ स्वतः करितो, हें आम्हांस सुचलें नाहीं.

संग्राहकांच्या उपयोगासाठीं काळवंडलेला सफेता ओळखण्याच्या खुणा देतों. काळेपणा नेमका जेथें पांढरें अपेक्षित असतें तेथें असतो : मोती, दांत, डोळे, फुलें, चवरी, पाण्यावरील फेस. डागास जाडी असते; तिरप्या उजेडांत तो उंच दिसतो व कधीं त्यावर करडी, धातूसारखी झांक असते. शाई अशी उंच बसत नाहीं. दुरुस्तीच्या पट्टीखालीं किंवा चौकटीच्या कडेखालीं झांकलेला भाग पुष्कळदां पांढरा राहिलेला असतो. तो आधीं शोधावा. चांदीचा वर्खही काळा पडतो. परंतु तो पातळ व सपाट असून आरसे, शस्त्रें, जलाशय अशा ठिकाणीं असतो. आणि एकाद्या चित्रांतील पांढरा मुळींच काळा पडला नसेल, तर तो शंखाचा किंवा खडूचा असण्याचा संभव विचारांत घ्यावा. मात्र पोथी उत्तम बंदोबस्तांत राहिली असल्यास सफेताही शुभ्र राहतो, म्हणून एवढ्यावरून निर्णय करूं नये.

जतनाविषयीं दोन गोष्टी. पोथ्यांत चुकीचीं अक्षरें झांकण्यासाठीं हरताळ लावीत, हें सर्वांस माहीत आहे. हरताळांत गंधक आहे, आणि सफेता व हरताळ एकत्र करूं नयेत असें युरोपांतील मध्ययुगीन वर्णग्रंथ सांगतात. म्हणून हरताळ लावलेलें पान व सफेत्याचें चित्र समोरासमोर येत असल्यास मध्यें स्वच्छ, अम्लरहित कागद घालावा. रबर व लोंकर यांपासूनही गंधकयुक्त वायु सुटतात. तीं चित्रांच्या पेटींत ठेवूं नयेत. दुसरी गोष्ट, काळा झालेला सफेता पुनः पांढरा करण्याची युक्ति उपलब्ध आहे. थेनार या फ्रेंच रसायनज्ञानें १८१८ मध्यें शोधलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडनें काळें संयुग पांढऱ्या सल्फेटांत पालटतें. परंतु त्यानें मूळ सफेता परत येत नाहीं, आणि कागदास व शेजारच्या रंगांस अपाय होण्याचा संभव असतो. तें काम निष्णात जतनकारांचें. आपण त्यांत हात घालूं नये. खरवडणें तर कोणीच करूं नये; तें पुराव्याचाच नाश करितें, आणि निघणारी धूळ विषारी असते ती वेगळीच.

शेवटीं एक विनंति. जुन्या जमाखर्चांत किंवा याद्यांत रंगाचे जिन्नस आढळल्यास ‘पांढरा रंग’ असा मोघम अर्थ न देतां मूळ शब्द जसाच्या तसा छापावा. सफेता, शंख, खडू हे शब्द वेगवेगळे छापले गेले, तरच कोणत्या दरबारांत कोणतें द्रव्य कधीं आलें याचा माग लागेल. आमचें पूर्वीचें अनुमान चुकीचें होतें. तें आम्ही येथें परत घेतों. ते तीन शुभ्र मोती अजून पट्टीखालीं आहेत, आणि मालकांनीं ती पट्टी आमच्याच सांगण्यावरून तशीच ठेविली आहे.